सिंधूमावशी बसनेच येते

सुरतेत ज्याच्या दारात दुचाकी नसते त्याची लोक आधी चौकशी करतात आणि मग कीव करतात. सिंधूमावशीने चौकशी कोणाला करू दिली नाही, आणि कीव करायला कोणी तोंड उघडलंच तर ते तिथल्या तिथे बंद केलं.

आम्ही भेस्तानला राहायला आलो तेव्हा ती आमच्या समोरच्या घरात होती. मूळची पारोळ्याकडची. लग्न होऊन सुरतेत आली आणि इथलीच झाली. नवरा, आमचे काका, उधन्याला लूमवर. साऱ्या आयुष्यात काकांच्या कानांनी मागांचा इतका खडखडाट ऐकला होता की आता त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. मावशी मार्केटमधून साड्यांचं पोटलं आणायची, म्हणजे जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं, आणि गल्लीतल्या बायकांना वाटून द्यायची. बायका घरी बसून साड्यांना लेस लावत, टिकल्या चिकटवत. तयार माल मावशीच परत नेऊन द्यायची. ही सगळी ने-आण सिटी बसने.

मी तेव्हा पर्वत पाटियाकडे एका साडीच्या दुकानात बिलं करायला लागले होते आणि नवीकोरी स्कूटी घेतली होती. पहिल्याच आठवड्यात मावशी मला स्टॉपवर उभी दिसली. मी गाडी थांबवली.

"मावशी, बसा ना. मी तिकडेच चाललेय."

तिने माझ्याकडे पाहिलं, स्कूटीकडे पाहिलं. "तू जाय, वर्षा. मी बसमाच येसु."

घरात आणि मनापासून बोलायचं असलं की तिची अहिराणी. कंडक्टरशी गुजराती, शेठशी हिंदी, आणि मराठी शाळेच्या बाईंशी बोलताना अगदी जपून पुस्तकी मराठी. मला वाटलं, संकोचतेय. मी पुन्हा म्हटलं, "अहो, जागा आहे. बस कधी येणार?"

"येईल तेव्हा येईल. तुझी गाडी आज रिकामी आहे, उद्या तुझी मैत्रीण असेल. परवा तुला उशीर झालेला असेल, आणि मी दारात तयार होऊन तुझी वाट बघत बसेन. मग तू मनात चिडशील, मी मनात चिडेन. बस काही माझ्यावर उपकार करत नाही."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? चांगुलपणा असा तोंडावर परत मिळाला की येतोच. पण या बाईला 'सोडायला येतो' या शब्दांचं एवढं वावडं का, ते मला नंतर कळलं, तेही तिच्याकडून नाही. गल्लीत तो किस्सा सगळ्यांना पाठ होता.

काकांचा धाकटा भाऊ सुरेश. सुरुवातीची कितीतरी वर्षं मावशीला मार्केटला सोडणं आणि आणणं हे त्याच्या मोटरसायकलवर चालायचं. म्हणजे कधी जायचं ते तो ठरवणार, कधी निघायचं तेही तोच. वाटेत त्याला मित्र भेटला की मावशी गाडीशेजारी उभी. बहिणीकडे लिंबायतला जायचं म्हटलं, तर "तिकडे माझं काम नाही" म्हणून जाणं रद्द. एकदा संध्याकाळी तो न्यायला आलाच नाही. मार्केटची शटरं खाली यायला लागली, हमाल घरी निघाले, आणि ही फाटकापाशी पोटल्यावर बसून. शेवटी तिथल्या रखवालदाराला विचारून तिने उधन्याची बस पकडली. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने. उधना दरवाजाला उतरून कोणाला तरी विचारलं, दुसरी बस घेतली आणि घरी आली. सुरेश तिच्या मागून आला, आणि आल्या आल्या त्यानेच आवाज चढवला.

"घरातली बाई बसमध्ये धक्के खात येते! लोक मला काय म्हणतील?"

मावशीने पोटलं जमिनीवर आपटलं. "मी काय पार्सल शे का, सोडाले नि उचलाले?"

कोपऱ्यात बसलेल्या काकांना एवढंच कळलं की काहीतरी झालंय. "काय म्हणते ती?" त्यांनी भावाला विचारलं. भावाने मान फिरवली. मग मावशी स्वतः काकांजवळ गेली, त्यांच्या कानाशी वाकली आणि तेच वाक्य जीव खाऊन ओरडली. त्यांना ते दुसऱ्यांदा कळलं. गल्लीला तोपर्यंत दोनदा कळलं होतं. काका म्हणाले, "बरोबर शे तिनं."

त्या दिवसापासून मावशी कोणाच्या गाडीवर बसली नाही. रिक्षासुद्धा घेतली तर आजारी माणूस सोबत असेल तेव्हाच.

पुढे माझी स्कूटी दुरुस्तीला पडली आणि काही दिवस मला तिच्याबरोबर जावं लागलं, तेव्हा मी तिला बसमध्ये पाहिलं. घरात जरा पाय ओढत चालणारी ही बाई बस दिसली की पदर कंबरेला खोचून तीरासारखी सुटायची. चढली की आधी ड्रायव्हरला नमस्कार करायची. मी विचारलं, का? म्हणाली, "आपला जीव त्याच्या हातात. आपण तर त्याला ओळखतही नाही. निदान तोंड तरी दाखवावं."

एक दिवस नवा कंडक्टर होता. त्याने दारातच हात आडवा घातला. "मासी, आ पोटलुं नहीं चाले. टेम्पो करी लो."

"टेम्पो तारो बाप चलावे छे?" मावशी तोवर आत शिरलीसुद्धा होती. सीटवर बसून तिने ते भलंमोठं गाठोडं मांडीवर घेतलं. पोटल्यावरून तिचे फक्त डोळे दिसत होते. "आता सांग. पोटलं बसमध्ये आहे का माझ्या मांडीवर आहे?"

लोक हसायला लागले. कंडक्टर इरेला पेटला. बस थांबवतो, उतरवतो, म्हणाला. तेव्हा तिने आवाज खाली आणला. हीच तिची रीत होती, समोरच्याचा आवाज चढला की हिचा उतरायचा.

"भाई, तुझी बायको साडी नेसते ना? त्या साडीची लेस कोण लावतं? मी लावते, माझ्या गल्लीतल्या बायका लावतात. ही साडी टेम्पोत चढली तर भाडं देऊन आमच्या हातात काय उरेल? तुला तिकीट पाहिजे तर पोटल्याचंही फाड. पण उतर म्हणू नको. हा शब्द मला चालत नाही."

त्याने पोटल्याचं तिकीट फाडलं नाही. मावशीने मात्र उतरताना त्यालाही नमस्कार केला. काही महिन्यांनी तोच कंडक्टर तिचं पोटलं दारातून आत ओढून घेताना मी पाहिला आहे.

मावशीला एकच मुलगी, ज्योती. नर्सिंग शिकलेली, हुशार आणि आईच्या मानाने फारच मऊ. तिचं लग्न उधन्याच्याच एका मुलाशी झालं. निलेश कॅनडात एका गोदामात नोकरीला होता. बाळंतपणाला मावशीला तिकडे बोलावलं. गल्लीतल्या बायकांनी स्वेटर गोळा केले. "आता फिर गाडीत," सुरेश म्हणाला, "तिकडे बसबिस काही नसतं." मावशीने स्वेटर पेटीत भरले.

तिथून ती मला फोन करायची. पहिला महिनाभर नुसतं बाळाचं कौतुक. मग एकदा म्हणाली, "वर्षा, इथे घरासमोरून एक बस जाते. रिकामी. बर्फ पडला तरी जाते. आत ड्रायव्हर सोडून कोणी नाही. मला वाईट वाटतं गं."

"तुम्हाला बसचं वाईट वाटतं?"

"बसचं नाही. ज्योतीचं. तिला इथे येऊन वर्ष होऊन गेलं, आणि ती बस कुठे जाते ते तिला माहीत नाही."

हळूहळू मला चित्र कळलं. घर गावाच्या कडेला. दुकान लांब. निलेशकडे गाडी, निलेशकडेच लायसन. वाईट मुलगा नव्हता, मावशीही तसं कधी म्हणाली नाही. सुट्टीच्या दिवशी तो दोघींना हौसेने फिरवायचा. पण बाकी दिवस ज्योती खिडकीत. दूध संपलं तर निलेश येईपर्यंत थांबायचं. तिकडे नर्स म्हणून काम करायचं तर आधी तिथला अभ्यास करावा लागतो, वर्गाला जावं लागतं. ते राहूनच गेलं होतं, कारण निलेशची पाळी आणि वर्गाची वेळ जुळत नव्हती.

"मी तिला विचारलं," मावशी फोनवर सांगत होती, "तू शिकलीस, परदेशात आलीस, आणि दूध आणायला नवऱ्याची वाट बघतेस? तर म्हणते, आई, इथे सगळे असंच राहतात. मी म्हटलं, सगळे राहत असतील. तू मनी पोर शे."

सव्वा महिना झाल्यावर एका उन्हाच्या दिवशी तिने बाळाला गुंडाळलं, बाबागाडीत घातलं आणि ज्योतीला म्हणाली, चल. ज्योती रडायच्या बेताला आली. तिकीट कसं काढायचं माहीत नाही, उतरायचं कुठे माहीत नाही. मावशी म्हणाली, मला तरी उधना दरवाजा कुठे माहीत होता? दोघी स्टॉपवर उभ्या राहिल्या. बस आली. चालवणारी बाई होती. तिने बाबागाडी पाहिली आणि काहीतरी बटण दाबलं.

"आणि वर्षा, बस खाली वाकली!" एवढ्या लांबून तिचा आवाज फोन फोडून येत होता. "खरंच वाकली. हत्ती बसतो ना, तशी. फळी बाहेर आली, बाबागाडी सुळकन आत. मी त्या बाईला नमस्कार केला. तिने मला काय म्हटलं ते कळलं नाही, पण हसली. आम्ही त्या बसमध्ये शेवटपर्यंत गेलो आणि तिच्यातच बसून परत आलो. शेवटच्या स्टॉपवरच्या दुकानातून दुधाची बाटली घेतली फक्त."

संध्याकाळी निलेश चिडला. थंडीत एवढ्याशा बाळाला घेऊन बसने? माझी गाडी कशाला आहे?

"निलेशराव," मावशीने म्हटलं, "गाडी तुमची आहे. ज्योतीची कुठे आहे?"

"तिची आणि माझी वेगळी आहे का, आई?"

"वेगळी नाही ना? मग उद्या तुम्ही बसने जा, गाडी घरी ठेवा."

निलेशने जेवण अर्धवट सोडलं. पुढचे काही दिवस तो सासूशी बोलला नाही. परक्या देशात, जावयाच्या घरात, त्याच्याच मिठावर. मी ऐकूनच घाबरले होते. फोनवर म्हटलं, "मावशी, जरा सबुरीने घ्या. तिथे तुमचं कोण आहे?"

"मला परत पाठवतील, अजून काय करतील? मी त्यांना सांगितलं, तिकीट काढा, मी जाते. पण पोरगी बसने जाणार. ते बंद नाही होणार."

तिकीट निघालं नाही. त्याच्या आधी ज्योतीच एक दिवस निलेशला म्हणाली की मी वर्गाला नाव घातलं आहे, दोन बस बदलून जाईन, बाळाजवळ आई आहे. निलेशने विचारलं, परतीची बस कधी असते? वर्गाच्या पहिल्या दिवशी तो कामावरून येताना स्टॉपवर थांबला होता. गाडी बंद करून, उतरून. ज्योती बसमधून उतरली तेव्हा दोघं घरापर्यंत चालत आले, आणि गाडी नंतर आणली. हे सांगताना मावशीचा आवाज पहिल्यांदाच जरा ओला लागला. लगेच म्हणाली, "ठेवते. बाळ रडतंय." बाळ रडत असल्याचं मला ऐकू आलं नाही.

ती भेस्तानला परत आली तेव्हा आमचा रस्ता खोदलेला होता. कसलंसं काम निघालं होतं. स्टॉपची पाटी काढून कुठे टाकली होती कोणाला ठाऊक. बस यायची ती सरळ पुढे निघून जायची, आणि पोटली डोक्यावर घेतलेल्या बायकांना धुळीतून पुढच्या नाक्यापर्यंत चालावं लागायचं. मावशीचा माल उशिरा पोचायला लागला. ज्या शेठकडे ती इतकी वर्षं जात होती, त्याने तिचं काम दुसऱ्या बाईला देऊन टाकलं. त्या बाईच्या मुलाकडे टेम्पो होता.

मावशी दोन दिवस घराबाहेर आली नाही. गल्लीतल्या बायकांना वाटलं, आता थकली. सुरेश दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, आता तरी ऐका. माझी गाडी आहे ना." त्याच्या आवाजात यावेळी माजही नव्हता. खरंच वाईट वाटून म्हणत होता. ती म्हणाली, "सुरेशभाऊ, तू चांगला आहेस. पण या गल्लीतल्या सगळ्या बायकांना नेशील का तुझ्या गाडीवर?"

तिसऱ्या दिवशी ती बायकांना घेऊन बसच्या ऑफिसात गेली. मी सुट्टी टाकून बरोबर गेले, अर्ज मी लिहिला होता. तिथला साहेब अर्ज न वाचताच म्हणाला, "बेन, थोडा दिवस रिक्षा करी लो ने."

मावशीने विचारलं, "साहेब, तुम्ही आज कशाने आलात?"

"केम?"

"उद्या बसने या. आमच्या स्टॉपवर उतरा. उतरता आलं तर आम्ही गप्प बसू."

तो हसला, अर्ज खणात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी जुन्या स्टॉपच्या जागी गेली. लेस लावणाऱ्या बायका मागे. बस लांबून दिसली तशी ती रस्त्यावर उतरली आणि मधोमध उभी राहिली. मी ओरडले, "मावशी!" ब्रेकचा असा आवाज झाला की माझे डोळेच मिटले. उघडले तेव्हा बस तिच्यापासून हातभर अंतरावर होती आणि ड्रायव्हर खिडकीतून शिव्या देत होता. तिने आधी त्याला नमस्कार केला, मग म्हणाली, "दरवाजो खोल, भाई."

आतले लोक खवळले, उशीर होतोय म्हणून. कोणी म्हणालं, म्हातारीला बाजूला करा. एक हवालदार आला, त्याने तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण हललीही नाही. "धर," म्हणाली, "पण या बायका चढेपर्यंत मी इथेच आहे." मग आतून कोणीतरी ओरडलं, "अरे, चढू द्या ना त्यांना, तेवढ्यात चढून होईल!" दार उघडलं. एकेक पोटलं आत गेलं. सगळ्यात शेवटी मावशी चढली, आणि हवालदार रस्त्यात तसाच उभा राहिला, रिकामा हात घेऊन.

हे तिने रोज केलं. रोज. रस्त्यात उभं राहायची गरज दोन-तीन दिवसच पडली. नंतर ड्रायव्हर लांबूनच तिचा पदर ओळखून वेग कमी करायला लागले. पुढे कोणीतरी येऊन बांबूला पत्र्याची पाटी ठोकून गेलं. सावली नाही, बाकडं नाही, पण स्टॉप. बायकांनी पेढे वाटले. मावशी पाटी हलवून बघत म्हणाली, "छप्पर राहिलं. ते पुढच्या वेळी."

जुना शेठ परत काम द्यायला तयार झाला. ती गेली नाही. पर्वत पाटियाला दुसऱ्या दुकानाचं काम धरलं, म्हणजे आधीपेक्षाही आडवाटेचं, आणि तिथेही बस बदलतच जायला लागली.

मी लग्न करून भेस्तानमधून निघाले. आता आमच्याकडे गाडी आहे. मावशीकडे जाणं सणावारापुरतंच उरलं आणि मग तेही मागे पडलं. फोनवर ज्योतीची खबर कळते. ती तिकडे दवाखान्यात लागली आहे, बाळ शाळेत जातं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही उधन्याच्या सिग्नलला अडकलो होतो. चारी बाजूंनी गाड्या, हॉर्न, कोणी इंचभर सरकत नव्हतं. शेजारच्या बसच्या मार्गिकेत एक बस येऊन थांबली, आणि तिच्या काचेत मला सिंधूमावशी दिसली. केस पूर्ण पांढरे झाले होते, अंगाने निम्मी झाली होती. एका हाताने तिने वरचा दांडा धरला होता आणि दुसऱ्या हाताचं बोट एका तरण्याताठ्या माणसावर रोखलं होतं. तो बायकांच्या सीटवर बसला होता, मोबाईलमध्ये मान घालून. शेजारी एक पोटुशी मुलगी उभी होती. काचेआडून आवाज येत नव्हता, पण मावशीचे ओठ फार हलत नव्हते, म्हणजे ती हळू बोलत होती. तो माणूस उठला. मुलगी बसली. पलीकडच्या कोणीतरी मावशीलाही जागा देऊ केली. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि दांडा नीट धरला.

मी काच खाली करून हाक मारली. तिला ऐकू गेलं नाही. "कोण आहे?" नवऱ्याने विचारलं. मी सांगायला लागले, तेवढ्यात बस सुटली. आमच्यापुढे सिग्नल लालच होता.